नव्या खाऱ्या टाकीसाठी सफाईकर जीवांची निवड

खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचेवर आणि खडकावर चढणारे शेवाळ, वाळूत रुतलेले उरलेसुरले अन्न आणि मेलेल्या जीवांचे अवशेष खाऊन जगणारे जे लहान प्राणी मुद्दाम सोडले जातात, त्यांना हौशी मंडळी ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात. गोगलगायी, शंखात राहणारे हर्मिट खेकडे, कोळंब्या, सी अर्चिन, तारामाशांचे भाऊबंद, समुद्रकाकड्या आणि शेवाळखाऊ मासे अशी ही मोठी मंडळी आहे. एखादा मासा घेण्यापूर्वी महिनाभर चौकशी करणारा माणूस गोगलगायी मात्र डझनावारी उचलतो, आणि नव्या टाकीत पहिल्या काही महिन्यांत मरतात त्या बहुधा त्याच. हैदराबादच्या दिलसुखनगरसारख्या, समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या वस्तीत ही निवड जास्तच काळजीने करावी लागते. तिथे पाणी घरीच बनवायचे असते, उन्हाळा कडक असतो आणि मेलेल्या जीवाच्या जागी दुसरा आणणे सोपे नसते.

या कल्पनेला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास काचेच्या भांड्यात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून प्रयोग केला. वनस्पती प्राणवायू देईल आणि माशांचे भागेल, असा त्यांचा हिशेब होता. पण जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. पुढे त्यांनी हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला. फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ साली निघाले आणि इंग्लंडात घरोघरी खाऱ्या टाक्यांची हौस पसरली. तेव्हापासून गोगलगाय टाकीत आहे ती शोभेसाठी नव्हे, कामासाठी.

हे काम नेमके किती, याबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. गोगलगाय शेवाळ खाते, म्हणजे ते टाकीतून नाहीसे होत नाही. शेवाळात बांधले गेलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस तिच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतात. टाकीबाहेर ते जातात ते पाणी बदलल्याने, फेसाबरोबर घाण वेगळी करणाऱ्या स्किमरचा कप ओतल्याने किंवा शेवाळ हाताने उपटून टाकल्याने. सफाईकर जीव शेवाळ आखूड ठेवतात, त्याचा गालिचा होऊ देत नाहीत आणि अडचणीच्या फटींतले अन्न सडण्याआधी संपवतात. काम एवढेच, पण मोलाचे. माशांची विष्ठा खाऊन वाळू लख्ख ठेवणारा प्राणी म्हणून जे काही विकले जाते त्यावर विश्वास ठेवू नये. विष्ठेवर पोट भरणारा असा प्राणी हौशी टाकीसाठी मिळत नाही.

कोणते जीव घ्यायचे, याआधी ते कधी घ्यायचे हा प्रश्न येतो. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर आणि वाळूत वसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. याला टाकी ‘सायकल होणे’ म्हणतात. या काळात पाण्यात अमोनिया असतो, आणि अपृष्ठवंशी जीवांना तो माशांइतकाच, कधी त्याहूनही अधिक बाधतो. सायकल संपत आली की काचेवर आणि वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर दिसतो. हे डायटम नावाचे सूक्ष्म जीव. त्यांना पाण्यातली सिलिका लागते. ती संपली की ते आपोआप ओसरतात. मागोमाग हिरवे पातळ शेवाळ, मग केसांसारखे लांब शेवाळ आणि कधीकधी लालसर, बुळबुळीत सायनोबॅक्टेरिया येतात. हे शेवटचे गोगलगायी सहसा खात नाहीत. तिथे प्रवाह वाढवणे, अन्न कमी टाकणे आणि नळीने थर ओढून काढणे हाच उपाय. डायटम दिसू लागले, अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्यावर राहिले की पहिली गोगलगाय सोडायची वेळ झाली. त्याआधी सोडलेली गोगलगाय एक तर विषाने मरते किंवा उपाशी.

भारतात ही वेळ जरा लांबते, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ आणले गेले. त्यामुळे परदेशी पुस्तकांत ज्याची शिफारस असते तो समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ इथे वापरता येत नाही. टाकी उभी राहते ती कोरड्या किंवा सिरॅमिकच्या खडकावर. लाइव्ह रॉकबरोबर फुकट येणारे किडे, कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड हे चिमुकले कवचधारी जीव, बारीक ब्रिटल स्टार असे काहीच अशा खडकावर नसते. कोरा खडक म्हणजे शेवाळाला मोकळे रान. अशा टाकीत तपकिरी आणि हिरवा टप्पा जास्त दिवस रेंगाळतो, आणि घाबरून एकदम पन्नास गोगलगायी घेण्याचा मोह होतो तो इथेच.

दिलसुखनगरच्या टाकीपुढचा पहिला प्रश्न पाण्याचा. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागूनच उभे राहिले. दख्खनच्या पठारावर मात्र समुद्र पिशवीतल्या मिठातून तयार करावा लागतो. नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. दोन्ही थेट वापरू नयेत. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन लावून काढलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आणि क्षारता ८ ते १० डीकेएच असावी. क्षारता सतत कमी राहिली तर गोगलगायींच्या शंखाची टोके झिजून पांढरी पडतात. तांबे हा या जीवांचा खरा शत्रू. माशांच्या रोगांवरच्या अनेक औषधांत तांबे असते. एकदा असे औषध पडलेल्या टाकीतल्या खडकात आणि वाळूत ते मुरून बसते आणि पुढे गोगलगायी, कोळंब्या मारत राहते. जुनी टाकी किंवा जुना खडक विकत घेताना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचा पारा चाळिशीपलीकडे जातो आणि हवा कोरडी असते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर १६० लिटर धरावे. पंखे लावून अशा टाकीतून रोज अडीच लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस भर घातली नाही, तर ३५ची खारटता ३६.७पर्यंत चढते. मीठ उडत नाही, पाणीच उडते. मासे असा चढउतार सोसतात. गोगलगायी आणि कोळंब्या लवकर गळपटतात. म्हणून भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याची आणि रोजच्या रोज घालावी. पृष्ठभागावर सोडलेला साधा पंखा कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरवतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप घरात असावाच, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचीवरच्या या शहरात तो आणखी थोडा कमी असतो.

या उष्णतेमुळे गोगलगाय घेताना ती मूळची कुठली, हे पाहणे अत्यंत आवश्यक ठरते. ‘मार्गारिटा’ नावाने विकली जाणारी छोटी गोगलगाय उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या थंड पाण्यातली आहे. २६ अंशांच्या टाकीत ती काही आठवडे कशीबशी काढते आणि मरते. तिला दिलसुखनगरात आणणे म्हणजे शुद्ध हत्या. नॅसेरियस म्हणून दिली जाणारी इलियानासा ही चिखलातली गोगलगायही अटलांटिकच्या थंड किनाऱ्याची. याउलट उष्ण कटिबंधातल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या जाती काटक असतात. मुंबईच्या हाजी अलीपासून रत्नागिरी-मालवणपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला नेरिटा, टर्बो आणि ट्रोकस या कुळांच्या गोगलगायी आणि क्लिबॅनेरियस जातीचे हर्मिट खेकडे दिसतात. दुपारच्या उन्हात तापलेली खडकातली डबकी, पावसाळ्यात गोडे झालेले पाणी, दोन्ही त्यांच्या सवयीचे. खरेदी करताना याच कुळांतल्या हिंदी महासागरी जाती मागाव्यात. म्हणून किनाऱ्यावर जाऊन त्या स्वतः गोळा कराव्यात असे नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७पासून संरक्षित आहे, इतरत्रही शहरी किनाऱ्याचे प्रदूषण जीवांबरोबर टाकीत येते, आणि शंखांच्या काही जाती तर जीवघेण्या आहेत. कोनस कुळातला, सुळक्यासारखा देखणा शंख हातात घेतला तर त्यातला प्राणी विषारी काटा मारू शकतो. त्याच्या काही जातींच्या दंशाने माणसे दगावली आहेत.

गोगलगायींमध्ये काचेसाठी सर्वांत भरवशाची ट्रोकस. शंकूसारखा शंख, मध्यम आकार आणि कधी उलटी पडली तरी स्वतःहून सरळ होण्याची ताकद हे तिचे गुण. कॅरिबियनमधली आस्ट्रिया दिसायला तशीच, पण ती वाळूत पाठीवर पडली की उठू शकत नाही, आणि सकाळपर्यंत खेकड्यांनी तिचा फडशा पाडलेला असतो. ट्रोकसच्या काही लहान जाती टाकीत पिलावतातही. मोठ्या ट्रोकस निलोटिकसची गोष्ट वेगळी. अंदमानात या शंखाची मासेमारी बटणांच्या मोतिया चकतीसाठी वर्षानुवर्षे झाली, आणि २००१ साली टर्बो मार्मोरेटसबरोबर या जातीलाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यामुळे मुठीएवढा ट्रोकस कुणी देऊ केला तर घेऊ नये.

टर्बो खादाड. केसाळ शेवाळाच्या जंगलातून ती वाट काढत जाते आणि मागे स्वच्छ पट्टा सोडते. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या ओळी असतात. रात्री टॉर्च मारून पाहिले तर तपकिरी काचेवर नागमोडी, एकाला एक लागून काढलेल्या चिऱ्या दिसतात. प्रत्येक चिरी म्हणजे जिभेचा एक घास. पण मोठी टर्बो नीट न रोवलेले दगड आणि प्रवाळाचे तुकडे ढकलून पाडते, आणि शेवाळ संपले की महिन्याभरात उपाशी मरते. १९० लिटरच्या टाकीला एक पुरे. दुसरी सहसा लागत नाही.

सेरिथ लहान, लांबट शंखाची आणि रात्री फिरणारी. ती वाळूच्या वरच्या थरात, काचेच्या तळकडेला आणि खडकाच्या फटींत, जिथे ट्रोकसचे शरीर पोचत नाही तिथे काम करते. डायटम तिच्या आवडीचे. नव्या टाकीत गोगलगायींपैकी सर्वांत आधी हिलाच सोडावे. काचेवर ती अंड्यांच्या वळणदार, पांढुरक्या माळा घालते. त्या रोगाची खूण समजून खरवडून टाकण्याचे कारण नाही. नेरिटा शेवाळ खाण्यात कुणाला हार जात नाही, पण ती मूळची भरतीरेषेची. पाण्याबाहेर चढून काठावर बसणे ही तिची सवय, आणि झाकण नसलेल्या टाकीतून ती जमिनीवर पडून वाळते. तिने खडकांवर घातलेले पांढरे ठिपके टाकीत सहसा उबत नाहीत, आणि कित्येकांना ते विद्रूप वाटतात. जाळीचे झाकण असेल तरच नेरिटा घ्यावी.

नॅसेरियस या सगळ्यांहून निराळी. ती शेवाळाला तोंड लावत नाही. ती मांसाहारी सफाईकर आहे. दिवसभर वाळूत पुरलेली असते, फक्त श्वासाची सोंड बाहेर. पाण्यात कोळंबीचा तुकडा पडला की मिनिटभरात वाळू ठिकठिकाणी हलते, सोंडा वर येतात आणि एकामागून एक शंख वासाच्या दिशेने धावू लागतात. वाळू उलथीपालथी होते, कुजणारा घास संपतो. पण ज्या टाकीत अजून मासे नाहीत आणि अन्न पडत नाही, तिथे तिला सोडणे व्यर्थ. ती मासे आल्यानंतर घ्यावी. कवडीच्या लहान जाती शेवाळ खातात, मोठ्या अनेकदा स्पंज खातात आणि जड अंगाने वस्तू पाडतात. नव्या टाकीत त्यांची गरज नाही.

हर्मिट खेकड्यांबद्दल हौशी लोकांत दोन पक्ष आहेत. ते शेवाळ, मेलेले जीव, उरलेले अन्न, सगळे खातात हे खरे. पण वाढत्या अंगाला मोठा शंख लागतो, आणि रिकामा शंख नसेल तर ते जिवंत गोगलगायीला मारून तिचे घर बळकावतात. एका ट्रोकसच्या किमतीत दोन हर्मिट मिळत असतील तरी तो सौदा फायद्याचा नाही. ठेवायचेच असतील तर दोन-तीन, तेही निळ्या किंवा तांबड्या पायांच्या छोट्या जातीचे, आणि त्यांच्या मापाहून थोडे मोठे रिकामे शंख आठ-दहा टाकून. प्रवाळ ठेवण्याचा विचार असलेल्या नव्या टाकीत ते नसलेलेच बरे.

कोळंब्यांची गणना सफाईकरांत होते ती बरीचशी सवयीने. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर कोळंबी, लिस्माटा अ‍ॅम्बॉयनेन्सिस, माशांच्या अंगावरचे परजीवी टिपते. टाकीची सफाई तिचे काम नाही. पेपरमिंट कोळंबी आयप्टेशिया नावाच्या उपद्रवी समुद्रफुलांना खाते म्हणून घेतली जाते, पण त्याच नावाखाली विकल्या जाणाऱ्या सगळ्या जाती ते खात नाहीत. दोघीही खारटतेच्या बदलाला नाजूक. तीन महिन्यांची, स्थिर झालेली टाकी असल्याशिवाय त्यांना हात लावू नये. इथे एक चांगली गोष्ट नोंदवायला हवी. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभेच्या कोळंब्यांचे प्रजनन करून तिथल्या महिलांना त्यांच्या संगोपनाचे काम दिले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे विळिंजम केंद्रही शोभेच्या सागरी जीवांच्या प्रजननावर काम करते. अशा ठिकाणी वाढलेला जीव टाकीतल्या खाण्याला आणि बंदिस्त पाण्याला सरावलेला असतो.

काटेरी त्वचेचे प्राणी मोठे सफाईकर आहेत, पण घरच्या टाकीसाठी त्यांतले थोडेच उपयोगाचे. सी अर्चिनची ताकद किती, हे कॅरिबियन समुद्राने दाखवून दिले. १९८३ मध्ये पनामाजवळ डायडेमा जातीचे अर्चिन रोगाने मरू लागले आणि वर्षभरात त्या समुद्रातले नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. ज्या प्रवाळांवर ते चरत होते, ते पाहता पाहता शेवाळाखाली गेले. घरच्या टाकीत मात्र एक अर्चिन महिनाभरात सगळे खरवडून संपवतो, गुलाबी कोरॅलाइन शेवाळही, आणि मग त्याला वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागद रोज द्यावे लागतात. वर्षभर जुन्या टाकीत छोट्या जातीचा एक ठेवता येतो. वाळू चाळणारा तारामासा नव्या टाकीत कधीच नको. तो वाळूतले सूक्ष्म जीवन संपवतो आणि मग हळूहळू भुकेने विरतो. ब्रिटल स्टार बहुतेक निरुपद्रवी आणि कष्टाळू, फक्त हिरवा मोठा ब्रिटल स्टार टाळावा, कारण तो झोपलेले मासे पकडतो.

समुद्रकाकडीबाबत प्रश्नच उरत नाही. भारतात सर्व समुद्रकाकड्या २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या. २०२० साली लक्षद्वीपने त्यांच्यासाठी खास संवर्धन क्षेत्रही जाहीर केले. शिवाय दुखावलेली किंवा मेलेली समुद्रकाकडी होलोथुरिन हे विष सोडते आणि एका रात्रीत सगळे मासे मरू शकतात. कुणी ती विकत असेल तर ती घेऊ नये. सी हेअर ही समुद्री गोगलगाय केसाळ शेवाळ झपाट्याने खाते, पण दोन-तीन आठवड्यांत तिचा चारा संपतो. ती विकत घेण्यापेक्षा शेवाळ हाताने उपटणे बरे.

शेवाळखाऊ माशांपैकी लॉनमोअर ब्लेनी हा लहान टाकीच्या आवाक्यातला. टँग कुळातले मासे शेवाळ खातात, पण त्यांना पोहायला लांब टाकी लागते. तीन फुटांच्या टाकीत ते ठेवणे क्रूरपणाचे आहे.

ज्यांचा कुणी फारसा विचार करत नाही ते कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड मात्र कोऱ्या खडकाच्या टाकीत सर्वांत आधी हवेत. जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू, फिल्टर स्पंजचा तुकडा किंवा कोपेपॉडची बाटली सायकल संपताच टाकावी, तीही रात्री, दिवे आणि पंप बंद ठेवून. मासे येण्याआधी त्यांना पसरायला चार-सहा आठवडे मिळाले तर खडकाच्या आतल्या सफाईची चिंता मिटते.

आता संख्या. ‘दर गॅलनला एक’ हा दुकानी हिशेब १९० लिटरच्या टाकीला पन्नास गोगलगायी सांगतो. पन्नास गोगलगायी तपकिरी थर आठवड्यात संपवतील आणि पुढल्या महिन्यात निम्म्या मरतील. मेलेली एक मोठी टर्बोसुद्धा लहान टाकीत अमोनिया वाढवते, आणि तो पुन्हा शेवाळाचेच खत होतो. अशा टाकीला सायकलनंतर चार-पाच सेरिथ आणि दोन ट्रोकस पुरेत. महिनाभर वाट पाहावी. काच तीन-चार दिवसांत पुन्हा तपकिरी होत असेल तर आणखी एक-दोन ट्रोकस. मासे आल्यावर तीन नॅसेरियस. केसाळ शेवाळ हाताने उपटून आणि अन्न कमी करूनही हटत नसेल तरच टर्बो. काच सतत स्वच्छ राहू लागली तर नवी भर थांबवावी आणि आहेत त्यांना अधूनमधून वाळवलेल्या शेवाळाचा तुकडा द्यावा.

खरेदीच्या वेळी गोगलगाय काचेला चिकटलेली, चालती पाहून घ्यावी. तळाशी पडलेल्या गोगलगायीला हात लावला असता झाकण घट्ट मिटत नसेल किंवा कुजका वास येत असेल तर ती गेलेली आहे. मे महिन्यात थर्मोकोलच्या डब्याशिवाय पिशवी घरी आणू नये. दुकानातले पाणी अनेकदा टाकीपेक्षा कमी खारट असते, म्हणून पिशवीतले पाणी भांड्यात ओतून बारीक नळीने टाकीचे पाणी थेंब थेंब सोडत दीड-दोन तास घालवावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे, क्रिप्टोकॅरिऑनचे, पुंजके शंखावर चिकटून येऊ शकतात. मासे असलेल्या टाकीत नवी गोगलगाय सोडायची तर तिला आधी मासे नसलेल्या वेगळ्या भांड्यात सुमारे अडीच महिने ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. म्हणूनच पहिल्या खेपेच्या गोगलगायी मासे येण्याआधी, टाकी रिकामी असताना सोडाव्यात, आणि दुकानदाराला प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावा, हा जीव समुद्रातून उचललेला आहे की संगोपन केंद्रात वाढलेला. संगोपन केंद्रातला मिळत असेल तर तो महाग असला तरी तोच घ्यावा.